आषाढातलं गाव, चार बाय तीन फुटांचं

घरात कोकणातल्या एका गावाचं छोटं मॉडेल केलंय मी. त्यातलं सगळ्यात आधी स्केलचं, म्हणजे खऱ्यापेक्षा किती पट लहान करायचं त्याचं, सांगते, कारण ज्याला कोणाला असलं काही करायची हुक्की येईल त्याचं पहिलं भांडण तिथेच होणारे. माझ्याकडे जागा म्हणजे डोंबिवलीच्या फ्लॅटमधली हॉलच्या खिडकीखालची, तिथे चार बाय तीन फुटांचा प्लाय बसतो, त्याच्यावर एक इंच नाही. रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांचा लाडका स्केल १:८७. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे ना, १९९८ पासूनचं, ते बघूनच मला हा किडा चावला होता खरं तर. पण मला गाडी नको होती, मला कोकणातलं घर हवं होतं आणि त्याच्यावरचं कौल न् कौल दिसायला हवं होतं. मंगळुरी कौल साधारण ४१ सेंटीमीटर लांब असतं, ते १:८७ला पाच मिलिमीटरच्या आत येतं आणि माझे डोळे आता पन्नाशीचे आहेत. म्हणून १:५० धरला. एक मीटर म्हणजे दोन सेंटीमीटर, हिशोब तोंडी होतो.

पण मग प्लाय मोजला तर तो झाला साठ मीटर बाय पंचेचाळीस मीटर. एवढ्यात गाव? आमच्या गुहागर तालुक्यातल्या घराचं नुसतं माड-पोफळीचं आगर तेवढं असेल. तर यावर तोडगा असा की वस्तू खऱ्या मापाच्या ठेवायच्या आणि दोन वस्तूंमधलं अंतर बिनधास्त खोटं करायचं. घर खरं, दार खरं, विहीर खरी, पण देऊळ जे प्रत्यक्षात दहा मिनिटं चालल्यावर येतं ते माझ्याकडे दीड फुटावर. रेल्वेवाले पण हेच करतात, दोन स्टेशनांमधले मैलच्या मैल खाऊन टाकतात आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. दाराची उंची चुकली तर मात्र लगेच खटकतं.

दुसरी गोष्ट महिना ठरवणं. हे कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगत नाही आणि मला वाटतं हेच सगळ्यात महत्त्वाचंय. गाव म्हणजे नुसतं गाव असं काही नसतं, ते वैशाखातलं असतं नाहीतर आषाढातलं असतं. वैशाख घेतला तर अंगणात मांडव, आमसुलं वाळत घातलेली, विहीर तळाला गेलेली, सगळी जमीन तांबडी. आषाढ घेतला तर मांडव उतरवलेला, पडवीला झावळ्यांची विणलेली झापं लावलेली, लाकडं आत रचलेली, विहीर काठोकाठ, आवाराच्या दगडी गडग्यावर शेवाळ. लोक काय करतात, वैशाखातला मांडव आणि आषाढातलं भात एकाच अंगणात आणतात, मग ते गाव न वाटता हॉटेलच्या रिसेप्शनमधला देखावा वाटतो. मी आषाढ धरला आणि वर्ष साधारण ऐंशीच्या आसपासचं, म्हणजे आमच्या वाडीत स्लॅब यायच्या आधीचं. एकदा हे ठरल्यावर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटले.

उरलेले निम्मे आत्यानं सोडवले, म्हणजे आधी निर्माण केले आणि मग सोडवले. आत्या गावाला असते, पंच्याऐंशीच्या पुढची आहे, आणि व्हिडिओ कॉलवर नुसता कपाळाचा भाग दिसेल असा फोन धरते. पण तिला दिसतं सगळं.

जमिनीचा उतार मी पुठ्ठ्याचा केला. २०१८मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून गणपतीचे मखरवाले सगळे पुठ्ठ्यावर गेले त्यामुळे माहिती भरपूर मिळते, आणि सोसायटीत दर महिन्याला कोणाकडे तरी फ्रीज नाहीतर वॉशिंग मशीन येतंच, वॉचमनला सांगून ठेवलं की खोकं वर येतं. नकाशावर उंचीच्या रेषा असतात तसे थर कापायचे, एकावर एक चिकटवायचे, पायऱ्या पायऱ्यांचा डोंगर तयार होतो, मग वरून पेपरच्या पट्ट्या फेविकॉलच्या पाण्यात बुडवून लावल्या की पायऱ्या बुजतात. चिकटवायला मी आधी मैद्याची खळच करणार होते, स्वस्तात पडते म्हणून, आणि खळ केलीत तर बाइंडिंगवाले टाकतात तसा चिमूटभर मोरचूद टाका, नाहीतर झुरळं आणि कसर घरोबा करतात. पण मोरचूद विषारी, भाचीचं लहान पोर घरात येतं, म्हणून फेविकॉलवर गेले.

तर हा उतार झाला, त्यावर पेन्सिलीनं घर, गोठा, विहीर, देऊळ, खाचरं सगळं आखलं आणि आत्याला कॉल लावला. तिनं बघितलं आणि एकच विचारलं, "अगो, पाणी कुठून जातंय?"

मी म्हटलं कसलं पाणी, आत्या, पुठ्ठा आहे.

"आषाढ म्हणालीस ना? मग वरच्या सड्यावरचं पाणी खाली येणारच. ते कुठून जातंय?"

सडा म्हणजे डोंगरावरचा सपाट कातळ. मला सांगता येईना. मग तिनंच डोकं चालवलं, म्हणाली ओतून बघ की. मला ते इतकं पटलं की मी त्या अख्ख्या पुठ्ठ्याला ऑइलपेंटचे दोन हात मारले, वाळू दिलं, प्लाय उचलून बाथरूममध्ये नेला (नवऱ्यानं एका बाजूला धरला, बोलला काही नाही, पण चेहरा वाचता येत होता), घर-गोठ्याच्या जागी प्लॅस्टिसिनचे ठोकळे ठेवले आणि वरच्या कडेनं फुलपात्रभर पाणी सोडलं. पाणी सरळ घराच्या मागच्या भिंतीला येऊन थांबलं, दोन्ही बाजूंनी फुटलं, त्यातली एक धार गोठ्यातून शेण घेऊन, म्हणजे शेण असतं तर ते घेऊन, थेट विहिरीत. काय सुंदर गाव, सगळ्या वाडीला कावीळ.

मग लक्षात यायला लागलं की लहानपणी बघितलेल्या ज्या ज्या गोष्टी उगाच तिथे आहेत असं वाटायचं त्या उगाच नव्हत्या. घराच्या मागे, डोंगर कापलाय तिथे, भिंतीपासून हातभर सोडून चर खणलेला असतो तो वरचं पाणी वळवायला. जोतं एवढं उंच का, तर त्यासाठी. गोठा घराच्या खालच्या अंगाला आणि विहिरीपासून लांब. न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथेच अळू आणि केळी, कारण फुकट पाणी. पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्यांना किंचित एका बाजूला कल. सगळं पाण्यानं ठरवलेलं. मी चर खणला, म्हणजे कटरनं दोन थर कापले, गोठा खाली सरकवला, विहीर दुसऱ्या बाजूला नेली, परत पाणी ओतलं. हे बरेचदा झालं. शेवटी पाणी चरातून वळसा घालून पाखाडीच्या कडेनं खाली आलं, एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरलं आणि वहाळाला मिळालं, तेव्हा बाथरूममध्ये बसून मी एकटीच टाळ्या वाजवल्या. या टेस्टमुळे प्लायचा एक कोपरा फुगला तो फुगलाच, आता तिथे फणस आहे.

एक गमतीचा हिशोब सांगते. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो १:५०ला केला तर सहा सेंटीमीटर होतो. आणि माझी माणसं आहेत सव्वातीन सेंटीमीटरची.

आता घर. भिंती सनबोर्डच्या केल्या असत्या तर एका दिवसात झाल्या असत्या पण सनबोर्डला जांभ्याची छिद्रं कुठून आणणार. म्हणून तो निळा-गुलाबी दाट फोम मिळतो, इन्सुलेशनचा, त्याच्या पट्ट्या घेतल्या. जांभ्याचा चिरा साधारण १४ इंच लांब म्हणजे माझ्याकडे सात मिलिमीटर, तेवढ्या अंतरावर बोथट पेन्सिलीनं रेघा ओढल्या, वरच्या थराचा सांधा खालच्या चिऱ्याच्या मध्यावर येईल असं बघून. मग जेवणाचे डबे गुंडाळायची अॅल्युमिनियम फॉइल घ्यायची, तिचा चुरगळून गोळा करायचा आणि फोमवर दाबत दाबत फिरवायचा. बस्स. हुबेहूब जांभा. रंगाला मात्र वेळ लागतो कारण जांभा नुसता लाल नसतो, ताजा चिरा नारिंगी असतो, पावसाळे खाल्लेला काळा पडतो, आणि जमिनीपासून वीतभर वर हिरवट पट्टा असतो पाणी उडून उडून. मी आधी गेरूसारखा रंग, मग पातळ काळा रंग वरून सोडला आणि लगेच कापडानं पुसला, काळं फक्त छिद्रांत राहिलं.

छपराला जवळपास एक अख्खा पावसाळा गेला माझा. मंगळुरी कौलं मंगळूरला बासेल मिशननं १८६५मध्ये कारखाना काढला तेव्हापासूनची, त्याआधी आपल्याकडे नळीची कौलं नाहीतर गवत. मंगळुरी कौलाला दोन पन्हळ्या असतात आणि कडेला खाच असते, एकात एक अडकतात. एवढं बारीक मी करू शकत नाही. पण खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतली पन्हळ उघडी पडते हे बऱ्याच जणांना माहिती असेल. ती मोठ्या खोक्याची घेऊ नका, राक्षसी दिसते, मोबाईल अॅक्सेसरीज येतात त्या खोक्यांची बारीक पन्हळ असते ती घ्या. अख्खा तुकडा चिकटवला तर पत्रा दिसतो. त्याच्या सात मिलिमीटरच्या पट्ट्या कापायच्या आणि खऱ्या कौलांसारख्याच वळचणीकडून सुरुवात करून वर वर जायचं, प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर जराशी चढलेली. आणि मध्येच एखाद्या पट्टीला कात्री मारून एक कौल किंचित सरकवायचं. सरकलेलं कौल नसलेलं कोकणातलं छप्पर मी तरी बघितलेलं नाही, माकडं कशाला आहेत मग.

स्वयंपाकघराच्या वर एक काचेचं कौल बसवलं, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लॅस्टिक कापून. त्याखाली आत एक छोटा वॉर्म एलईडी. पांढरा एलईडी चुकूनही लावू नका, घराचं मेडिकल स्टोअर होतं. माझ्याकडच्या वॉर्मलाही मी वरून नारिंगी काचरंग दिला. संध्याकाळी हॉलचा दिवा बंद केला की ते एकच कौल उजळतं आणि बाकीच्या फटींतून बारीक रेषा येतात. त्या फटी सुधारायला मला बऱ्याच जणांनी सांगितलं पण त्या मी मुद्दाम ठेवल्यात, चुलीचा धूर जायला दुसरी वाट नसायचीच.

गोठ्याला गवताचं छप्पर, नारळाच्या शेंडीचं. शेंडी पिंजायची, जुन्या कंगव्यानं विंचरायची, जुडग्या करून खालून वर चिकटवायच्या. म्हणजे शाकारणीच, फक्त दर वर्षी करायची नाही.

झाडांसाठी मी दुकानात गेले होते. आर्किटेक्ट लोकांच्या मॉडेलचं सामान मिळतं तिथे, तयार माड होते, प्लॅस्टिकचे, बीचवरच्या जाहिरातीतले, उंची जेमतेम दहा सेंटीमीटर. माड पन्नास-साठ फूट जातो हो. १:५०ला तो तीस-पस्तीस सेंटीमीटर होतो आणि घराचं आढं येतं बारा सेंटीमीटरवर. म्हणजे माड घराच्या अडीच-तीन पट उंच हवा. पहिला खऱ्या उंचीचा माड उभा केला तेव्हा मलाच तो चुकीचा वाटला, इतकी आपल्याला चित्रातल्या माडाची सवय. दोन दिवसांनी घरच बुटकं, बरोबर, सावलीतलं दिसायला लागलं. खोड बाइंडिंग वायरचं, त्यावर मास्किंग टेप, त्यावर नखानं आडवे वळे. झावळीला मधे बारीक तार, दोन्ही बाजूंना कागद, आणि त्या कागदाला कात्रीनं तिरक्या झालरी. एका माडाला वीस-पंचवीस झावळ्या लागतात, हे टीव्हीसमोर बसून करायचं काम आहे, मालिका बघून होतात आणि झावळ्याही. खालच्या दोन-तीन पिवळ्या-तपकिरी करून लोंबत्या ठेवायच्या.

नारळ म्हणून काय लावावं यावर बराच विचार केला आणि उत्तर मिसळणाच्या डब्यात निघालं. काळी मिरी पाच मिलिमीटरची, म्हणजे पन्नासपट केली तर पाव मीटर, सोलायच्या आधीचा नारळ तेवढाच असतो. हिरवा रंग दिला की शहाळं. वेलदोडा सेंटीमीटरभर, म्हणजे अर्ध्या मीटरचा, म्हणजे फणस! रंगसुद्धा द्यायला लागत नाही. खोडाला खालपासून चिकटवत गेले, आषाढात उरलेले दोन-चार, बरका. पोफळीच्या सुपाऱ्यांना राजगिरा. सगळ्यावर वॉर्निशचा हात फिरवला, नाहीतर मुंग्या आणि पोरकिडे आपली सुगी करतील. आंब्याच्या पानोऱ्याला जुना स्पंज मिक्सरमधून काढून रंगवलेला आहे आणि तो मिक्सर आता फक्त माझा आहे, घरात नवीन घेतला.

माती मात्र खरी. गावाहून येताना पिशवीभर आणली, आत्यानं मागीलदारची खणून दिली. ती तव्यावर चांगली भाजायची, त्यातलं जिवंत जे काही असेल ते मरायला, मग वस्त्रगाळ करायची. ज्या जागी टाकायची तिथे अर्धं फेविकॉल अर्धं पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब म्हणजे पाणी मातीवर गोळा होऊन न बसता आत शिरतं. वाळल्यावर रंग जरा गडद होतो, आषाढाला तेच हवंय.

खाचरं तीन. एकात तरवा, दोनात लावणी. तरव्याला जुना टर्किश टॉवेल हिरवा रंगवून लावला, त्याचे ते छोटे छोटे फासे अगदी दाट कोवळ्या रोपांसारखे दिसतात. लावणीच्या खाचरात ब्रशचे केस चूड चूड करून टोचले, कंबर मोडते, खऱ्या लावणीत पण मोडतेच. पाण्याला रेझिन, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं रसायन, त्यात चिमूटभर तीच तांबडी माती, पातळ थर एकावर एक. रेझिनबद्दल एवढंच सांगते की खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, आणि पावसाळ्यात दमट हवेत ओतू नका, वर पांढुरका साय-साय थर येतो. पावसाळ्याचं पाणी मी मार्चमध्ये केलंय.

माणसं दुकानात तयार मिळतात १:५०ची, पण सगळे सूटबूट आणि हातात ब्रीफकेस. दोघांच्या ब्रीफकेस कापून, पँटा एम-सीलनं बुजवून लंगोटीवर आणलं. बायकांना टिश्यू पेपरची नऊवारी फेविकॉलमध्ये भिजवून नेसवली, काष्टा चिमट्यानं खोचला. डोक्यावरून पाठीपर्यंत इरलं, फणसाच्या सुकलेल्या पानाचे तुकडे. वाकलेली माणसं हवी होती, ती कुठेच मिळत नाहीत, मॉडेलच्या दुकानात कोणी वाकून काम करत नाही, मग तांब्याच्या तारेवर स्वतःच केली. चेहरे केलेले नाहीत, इरल्याखाली कोणाचा चेहरा दिसतो?

सगळं झाल्यावर घाण करायचं काम, ज्यात मला सगळ्यात मजा आली. कौलांवर शेवाळ म्हणजे स्पंजचा हिरवा भुगा, ओट्याच्या कडा घासून गुळगुळीत, न्हाणीच्या भिंतीला काळा ओघळ, गडग्याचा एक भाग ढासळलेला, बेड्याची, म्हणजे आवाराच्या फाटकाची, एक काठी मोडलेली. स्वच्छ गाव हे प्लॅनवरचं गाव असतं.

खर्च विचाराल तर रेझिन, फोम आणि चांगले ब्रश सोडले तर फार नाही, बाकी सगळा भंगाराचा खेळ आहे. वेळेचं विचारू नका. धूळ हा खरा शत्रू. वरून अॅक्रिलिकची पेटी करायची तर माडांमुळे उंची दीड फुटाच्या वर जाते आणि कोटेशन ऐकून मी फोन ठेवला. सध्या आईची जुनी सुती साडी वरून टाकते आणि मेकअपच्या मऊ ब्रशनं कौलं झाडते.

आत्याला पूर्ण झालं म्हणून कॉल केला तर तिनं फोन डोळ्याला लावून सगळं नीट बघितलं. चर बघितला. न्हाणीचं पाणी केळीला जातंय का विचारलं. मग म्हणाली, "बाकी ठीकाय. पण जोत कुठाय?"

म्हटलं बैल गोठ्यात बांधलेत, आत आहेत, दिसत नाहीत.

"आषाढात भर दुपारी बैल गोठ्यात? मग चिखलणी काय तुझा नवरा करतोय?"

त्यामुळे सध्या बैलजोडी चाललीय. एम-सीलच्या पाठी आणि वशिंडं झाली, पाय तारेचे, जू काडीपेटीच्या काडीचं. शिंगांना खालच्या गार्डनमधल्या कागदी लिंबाच्या झाडाचे काटे बरोबर बसतात, माळ्याला विचारून चार तोडून आणलेत. आणि वरच्या लावणीच्या खाचरातली रोपं उपटून तिथे परत चिखल करायला लागणारे.